वरच्या टोकाचे मासे

कुमासी, ३ फेब्रुवारी १९९८

प्रिय आत्या,

पाकीट हातात आल्याबरोबर तू म्हणशील, 'काही हवं असल्याशिवाय ही पोरगी लिहायची नाही.' खरं आहे. हवंय. मासे हवेत.

खायला नकोत, मोजायला हवेत. आमच्या प्रयोगशाळेत एक नवं यंत्र आलंय. माशाच्या चरबीत कारखान्यांचं कुठलं तेल, कुठलं विष किती उतरलंय, ते हे यंत्र आकड्यात सांगतं. मला किनाऱ्यावरच्या कुठल्याही एका खाडीतले मासे तपासायचे होते. साहेबांनी विचारलं, ओळखीची आहे का एखादी? मी म्हटलं, लांतेमानची. तिथे माझी आत्या धुरीचे मासे विकते आणि तिच्या परवानगीशिवाय त्या खाडीतून बेडूकसुद्धा बाहेर पडत नाही.

तर वीस मासे पाठव. बाजारात विकायला येतात तसेच. काही खाडीच्या तोंडाचे, काही पुलाजवळचे आणि काही वरच्या टोकाचे, जिथे जुने ट्रान्सफॉर्मर फोडून तांबं काढायचं ते आवार आहे. पोट साफ करू नकोस, मीठ लावू नकोस, मिरची तर नकोच नको. चंदेरी कागदात गुंडाळ, प्रत्येकाबरोबर चिठ्ठी ठेव, कुठे धरला आणि कधी. टेट्टे एका आड एक गुरुवारी बर्फाची गाडी घेऊन इकडे येतोच, त्याच्याकडे दे. चिठ्ठ्या मात्र तुझ्या लेकाकडून, लार्येकडून लिहून घे. तुझं अक्षर वाचायचं यंत्र आमच्याकडे अजून आलेलं नाही.

तुझी,
शोर्मे

---

लांतेमान, मंगळवार, १० फेब्रुवारी

शोर्मेस,

आशीर्वाद आहेतच, त्यात काटकसर करत नाही. आज मंगळवार, समुद्राच्या विश्रांतीचा दिवस, कोणी होडी काढलेली नाही, म्हणून लिहायला फुरसत. अक्षर माझंच आहे. डोळे फाडून वाच.

तुला चार वर्षांची असताना माझ्याकडे आणलं. बाजारात पाटीखाली झोपायचीस. मी ठरवलं होतं, ही पोरगी माशात हात घालणार नाही, शिकेल, पांढरे कपडे घालेल. शिकलीस, पांढरे कपडे घातलेस, आणि आता मासेच मागवतेस. तेही मिठाशिवाय, पोटातल्या घाणीसकट. तुझ्या साहेबांना म्हणावं, हे शिकवायला एवढी वर्षं लागत नाहीत, आमच्याकडे मांजरांना जन्मतः येतं.

वीस मासे पाठवते आहे. बायकांना सांगितलं की आमची शोर्मे लांतेमानचा मासा मोठ्या यंत्रात घालून बघणार आहे, तर सगळ्यांनी मनापासून दिले. आयेले, आमच्या बाजाराची पुढारीण, तिने स्वतः निवडले.

वेगळ्या पुडक्यात सात धुरीचे तिलापिया आहेत, माझ्या भट्टीतले, नेहमीचेच. ते यंत्रासाठी नाहीत, पोटासाठी आहेत. तुझ्या नवऱ्यालाही दे. अग्येमांगला म्हणावं, घाबरू नकोस, कुमासीकडच्या जंगलातल्या माणसांनाही मासा चावत नाही.

आत्या

---

कुमासी, २४ फेब्रुवारी

प्रिय आत्या,

वीस मासे पोचले. काय देखणे मासे. इथे सगळे बघायला जमले होते.

एकच शंका आहे. यातल्या नऊ तांबोशी आहेत. चिठ्ठीवर लिहिलंय, 'पुलाजवळ, रविवार'. तांबोशी खोल समुद्रात, खडकांत राहते, हे मला पुस्तकाने नाही, तूच शिकवलंस. ती आपल्या गुडघाभर गढूळ खाडीत पुलाखाली काय करत होती? नातेवाइकांकडे आली होती का? आणि तिच्यासारख्या आणखी आठजणी, सगळ्या एकाच रविवारी?

आत्या, हा काही बक्षिसाचा कार्यक्रम नाही गं. माझं काम काय आहे ते नीट सांगते. जुन्या ट्रान्सफॉर्मरमध्ये एक तेल असायचं. ते पाण्यात विरघळत नाही, सडत नाही, वासही येत नाही. जमिनीवर सांडलं की पावसाबरोबर वाहत खाडीच्या चिखलात जातं. चिखलातून किड्यांत, किड्यांतून माशाच्या चरबीत, आणि तिथेच राहतं. मासा खाणाऱ्याच्या अंगातही तसंच साठत जातं. माशाकडे बघून काही कळत नाही. उलट जितका गुबगुबीत तितकं जास्त. म्हणून मला देखणे नकोत, खरे हवेत.

अग्येमांगने तुझे तीन तिलापिया एका बैठकीत संपवले. मासा चावला नाही, पण काटा लागला. तासभर केंकेचे, आंबवलेल्या मक्याच्या पिठाचे, गोळे गिळत बसला होता. मी हसले म्हणून रागावलाय.

शोर्मे

---

लांतेमान, मंगळवार, ३ मार्च

शोर्मेस,

पकडलंस. बस हसत.

घरी पाहुणे येतात तेव्हा कोणी फुटक्या बशा काढतं का? सरकारी यंत्र बघणार म्हटल्यावर बायकांनी होड्यांवर जाऊन चांगले मासे घेतले, पदरचं घालून. मला ठाऊक होतं. मी चिठ्ठ्या सांगितल्या आणि लार्येने लिहिल्या. मुलगा विचारत होता, आई, तांबोशी पुलाजवळ? मी म्हटलं, तू लिही, शोर्मे आता शहरातली झाली, तिला काय समजतंय. चूक माझी.

या खेपेला खरे पाठवते. तोंडाचे सात, पुलाजवळचे सात, वरच्या टोकाचे सहा. वरच्या टोकाचे मी स्वतः उभी राहून घेतले. तिथला तिलापिया बघ, काय चरबी धरलीय. गेली दहाएक वर्षं मी माझ्या भट्टीसाठी फक्त तिथलाच घेते. धुरी लावताना असा तेलाचा थेंब गळतो की आग आपोआप पेटती राहते. आक्रातून बायका माझं नाव घेऊन विचारत येतात, आफोलेचा मासा कुठे मिळेल.

आणि आनंदाची बातमी. लार्येची कोर्ले पाचव्या महिन्यात आहे. तुला लिहायला ती लाजत होती. मी रोज सकाळी तिच्यासाठी माझ्या हाताने त्याच तिलापियाचं सूप करते, वाटीभर, वर तेलाचा तवंग. बाळ असं गोल होईल की आठव्या दिवशी नाव ठेवायला बाहेर काढताना दोघींनी उचलावं लागेल.

सात धुरीचे पुन्हा ठेवले आहेत. अग्येमांगला काटे काढून दे.

आत्या

---

कुमासी, ३० मार्च

प्रिय आत्या,

मासे मिळाले. आभार. उत्तराला उशीर झाला, कारण यंत्र बिघडलं आहे. दुरुस्त करणारा माणूस यायचा आहे.

इथे पाऊस लवकर सुरू झाला आहे. आम्ही दोघं बरे आहोत.

कोर्लेची बातमी वाचून फार आनंद झाला. इथल्या डॉक्टरबाई म्हणतात की गरोदर बाईला रोज एकच पदार्थ देऊ नये. तेव्हा सूप जरा थांबव. अंडी दे, चवळी दे, समुद्रातली तारली दे. धुरीचे मासेही काही दिवस पाठवू नकोस, उकाड्यात वाटेत खराब होतात.

सगळ्यांना नमस्कार.

शोर्मे

---

लांतेमान, मंगळवार, ७ एप्रिल

शोर्मेस,

तुझं पत्र दोनदा वाचलं. मग लार्येकडून मोठ्याने वाचून घेतलं. त्यात मला एकही टोमणा सापडला नाही. अक्षराला नाव ठेवलेलं नाही, आयेलेला नाही, नवऱ्यालाही नाही. सगळ्यांना नमस्कार आहेत. तू असं सरळ पत्र एकदाच लिहिलं होतंस, पहिल्या वर्षी नापास झालीस तेव्हा. तेव्हाही पाऊस लवकर आला होता.

धुरीचा मासा वाटेत खराब होत नाही, म्हणूनच माणसं त्याला धुरी देतात. हे तुला माहीत नाही असं मी मानावं का? आणि टेट्टे सांगत होता की तो रिकामी पेटी न्यायला आत आला तेव्हा यंत्र मजेत गुणगुणत होतं आणि तू त्याच्यासमोर कागद हातात घेऊन बसली होतीस. त्याने हाक मारली तर तू ऐकलं नाहीस.

मी बाजारात चाळीस वर्षं काढली. समोरचा काय लपवतो ते मी त्याच्या हातांवरून ओळखते. तुझे हात इथून दिसत नाहीत, पण अक्षर दिसतं. कोर्लेचं सूप मी थांबवलेलं नाही. का थांबवायचं ते सांगितल्याशिवाय थांबवणारही नाही.

कागदावर काय होतं?

आत्या

---

कुमासी, १३ एप्रिल

आत्या,

टेट्टेची वाट न बघता हे पत्र बसच्या माणसाबरोबर पाठवते आहे. आधी सूप थांबव, मग पुढचं वाच.

थांबवलंस? वाच आता.

यंत्र बिघडलं नव्हतं. तोंडाजवळचे मासे बरे निघाले. पुलाजवळचे वाईट. वरच्या टोकाचे, खाण्यासारखं समजतात त्या मर्यादेच्या अकरा पट. मी तीनदा मोजले. बाटल्या स्वतः धुतल्या, पुन्हा मोजले. तेवढेच.

अजून एक आहे आणि तेच मला लिहवत नव्हतं. तू पोटासाठी पाठवलेल्या सातांतला एक मी यंत्रात घातला. तू घालू नकोस म्हणाली होतीस, तरी घातला. मला वाटलं होतं, आत्याचा मासा चांगला निघेल, म्हणजे मला धीर येईल. पण तो सगळ्यात वरचा निघाला. आक्रातून बायका ज्यासाठी येतात ना, त्या चरबीतच सगळं आहे. धुरीने ते जळत नाही. तेल थोडं गळतं, बाकीचं राहतं.

एक मासा खाऊन कोणी आजारी पडणार नाही, तेव्हा कोणाला घाबरवू नकोस. पण हे अंगात साठतं आणि आईच्या अंगातून पोटातल्या बाळाला जातं, मग दुधातून जातं. बाळाच्या वाढीला, बुद्धीला ते वाईट. म्हणून कोर्लेला एक थेंबही नको.

सरकारी कचेरीला अहवाल अजून पाठवलेला नाही. तो गेला की तुझा धंदा बसेल, आणि हे काम माझ्या हातून होईल. तू ज्या माशांवर मला शिकवलंस त्यांच्याबद्दल. दोन आठवडे मी हेच घोकत बसले होते. मला माफ कर.

शोर्मे

---

लांतेमान, मंगळवार, २६ मे

शोर्मेस,

सहा आठवडे लिहिलं नाही. रागावले होते. तुझ्यावर नाही असं म्हणाले तर खोटं होईल. पहिले दोन आठवडे तुझ्यावर, नंतर त्या आवारावर, त्यानंतर स्वतःवर, आणि तो राग अजून संपलेला नाही.

तुझं पत्र वाचलं आणि भांडं चुलीवरून उतरवून वाळूत ओतलं. कोर्लेला समोर बसवलं आणि सांगितलं की पोरी, मी रोज माझ्या हाताने तुला विष पाजत होते. सांगताना मला रडू आलं. ती पायाच्या अंगठ्याने वाळू उकरत म्हणाली, "सासूबाई, रागावू नका. मी ते सूप एकदाही प्यायले नाही. त्या तेलाच्या वासाने मला मळमळायचं. तुम्ही पाठ फिरवली की मी ते यांना द्यायचे."

यांना म्हणजे लार्येला. तरी मी विचार करत होते, गरोदर ती आणि पोट याचं का सुटतंय. शोर्मे, त्या मुलीला मी तोंडावर काय काय बोलले असेन, अन्नाची किंमत नाही, लबाड आहेस. आणि मनात देवाचे इतके आभार मानले की मग उठून तिला दोन अंडी उकडून दिली. लार्येचं काय करायचं ते तू सांग. तो म्हणतो, मला बाळ व्हायचं नाहीये ना, मग झालं.

मग बायकांना सांगितलं. ते सोपं गेलं नाही. आयेले म्हणाली, तुझ्या पोरीचा पगार चालू राहील आणि आमच्या पाट्या उलट्या पडतील. कागद जाळून टाक, कोणी विचारलं तर यंत्र बिघडलं होतं म्हणून सांग. मी म्हटलं, ते सांगून झालंय, कोणी विश्वास ठेवत नाही. मग मी सांगितलं की सगळ्यात वाईट मासा माझा आहे. आफोलेचा. तेव्हा जरा शांत झाल्या. दुसऱ्या कोणाचा असता तर मला कोणी बोलू दिलं नसतं.

तेव्हा तू कागद पाठव. माझ्यासाठी थांबवून ठेवू नकोस. पण एक ऐक. तू वाईट तेवढं मोजलंस. वर्तमानपत्रात येईल, 'लांतेमानच्या माशात विष', आणि तारली विकणारी, बोय विकणारी, खेकडे विकणारी, सगळ्या एकाच पाटीत जातील. ज्याच्यात काही नाही तेही मोजून कागदावर लिही. टेट्टेबरोबर बेचाळीस मासे पाठवले आहेत, समुद्राचे, तोंडाचे, सगळे. प्रत्येकावर बाईचं नाव आहे. सगळे खरे आहेत, मी एकेक हाताळून पाहिला. आयेलेनेही सहा तारल्या दिल्या. देताना शिव्या देत होती, पण दिल्या.

आता मला एक विचारायचं आहे. तुला मी वाढवलं तेही याच खाडीच्या माशांवर. तू स्वतःला मोजलंस का?

आत्या

---

कुमासी, ८ जुलै

प्रिय आत्या,

आधी शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देते.

मोजलं. एप्रिलमध्येच, तुला लिहिण्याआधी. माझ्या रक्तात ते आहे, थोडं आहे. डॉक्टरबाई म्हणतात, काळजी करण्याइतकं नाही. आणि हे नीट वाच, लार्येकडून मोठ्याने वाचून घे. ते आवार तिथे आलं त्याच्या चार वर्षं आधी मी कुमासीला आले. तू मला भरवलेल्या माशांत काही नव्हतं. माझ्या अंगात जे आहे ते नंतरच्या पुडक्यांतलं, आणि त्यातही निम्मे तिलापिया अग्येमांग माझ्या ताटातून पळवायचा. त्यालाही मोजलं. तो माझ्या वर निघाला. मासा चावत नाही म्हणणाऱ्या बाईला भेटायचंय म्हणतो.

आता बेचाळीस माशांचं. तुझ्या बायकांना एकत्र बसवून सांग. तारली उत्तम. समुद्रातले सगळे उत्तम. खाडीच्या तोंडाचे बोय आणि तिलापिया चालतील. पुलाचे नकोत, वरच्या टोकाचे अजिबात नकोत, तिथले खेकडेही नकोत. अहवालात मी जागांची नावं घातलीत, बायकांची नाही. पहिल्याच पानावर काय खावं ते लिहिलंय, काय खाऊ नये ते त्याच्या खाली. साहेब म्हणाले, असा अहवाल कोणी लिहीत नाही. मी म्हटलं, माझ्या आत्याची अट आहे. आयेलेला सांग, तिच्या सहा तारल्या सगळ्यात स्वच्छ निघाल्या. हे तिला चारचौघांत सांग, नाहीतर ती झोपणार नाही.

आवाराच्या नाल्यातला चिखलही मोजला. तिथे आकडा इतका मोठा आहे की तेल दुसरीकडून आलं असं आवारवाल्यांना म्हणता येणार नाही. कचेरीने त्यांना तेलाची पिंपं हलवायला आणि नाला बुजवायला सांगितलंय. पण खोटं सांगत नाही, जे चिखलात गेलं ते वर्षानुवर्षं तिथे राहील.

लार्येला थोडं कमी खा म्हणावं. बाकी त्याला काही होत नाही.

कोर्लेचं काय? दिवस भरले असतील.

अजून एक मागणं आहे, आणि या वेळी माशांचं नाही. वरच्या टोकाचा मासा वर्षानुवर्षं खाणाऱ्या बायकांचं रक्त तपासायचं आहे, म्हणजे किती जणींना जपायला हवं ते कळेल. कोणी तयार होईल का?

शोर्मे

---

लांतेमान, मंगळवार, ४ ऑगस्ट

शोर्मेस,

कोर्लेला मुलगी झाली. चार आठवडे झाले. गोल नाही, लांबट आहे, आवाज माझ्यावर गेलाय. आठव्या दिवशी पहाटे बाहेर आणली तेव्हा अशी ओरडली की आयेले म्हणाली, हिला बाजारात जागा द्यावी लागणार.

तुझं पत्र मी वाचलंच, लार्येकडूनही वाचून घेतलं, आणि ती ओळ त्याला पुन्हा एकदा वाचायला लावली. कुठली ते तुला कळेल. त्या दिवशी मी तीन महिन्यांनी पोटभर जेवले.

आता इथलं ऐक. कचेरीची माणसं आली, वरच्या टोकाला पाटी ठोकून गेली, 'मासेमारी बंद'. आठवड्याभरात तिच्यावर जाळी वाळत घातलेली होती. तेव्हा मी पांढरं नेसून खाडीच्या पुजारीबाबांकडे गेले. दरवर्षी सणाच्या काही आठवडे आधी ते खाडीतली मासेमारी बंद करतात आणि सणाच्या तोंडावर उघडतात, हे तुला आठवत असेल. तुझा कागद त्यांच्यासमोर ठेवला. त्यांना वाचता येत नाही. मी जागा सांगितल्या, आकडे सांगितले. ते उठून पाण्याच्या काठाशी गेले. मग म्हणाले, "खाडी आजारी आहे हे मला केव्हापासून दिसतंय. किती आजारी आहे ते मोजून सांगणारं कोणी आलं नव्हतं."

या वर्षी त्यांनी खाडी उघडली ती फक्त पुलाच्या खालून तोंडापर्यंत. पुलापासून वर खाडी विश्रांती घेते आहे असं त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं आणि काठ्या रोवल्या. तिथे आता कोणी पाऊल घालत नाही. आवारातल्या कामगारांनीसुद्धा तिथे हात धुणं सोडलंय. निम्मी पिंपं हललीत, निम्मी तशीच आहेत. आयेले रोज सकाळी दारात जाऊन मोठ्याने उरलेली मोजते. तुझं यंत्र लागत नाही.

वरच्या टोकाच्या माशांवरच पोट भरणाऱ्या तिघीजणी होत्या. त्यांना मी माझ्या भट्टीवर घेतलंय. आता भट्टीत तारली असते. तारलीतून तो थेंब गळत नाही, आग सारखी फुंकावी लागते. परवा आक्राहून एक बाई आली, पोटुशी, मला तोच जुना मासा हवा म्हणाली. मी म्हटलं, तो आता मिळत नाही. ती म्हणाली, तुमच्यापाशी लपवून ठेवलेला असेल, दुप्पट देते. मी तिला स्टुलावर बसवलं आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझा मासा सगळ्यात वाईट होता हेसुद्धा. ऐकून ती उठून निघाली. मला वाटलं, गेली. तर वळून म्हणाली, मग तारली द्या, तुमच्याकडूनच घेईन.

रक्ताचं बायकांना सांगितलं. कोणी तयार होईना. म्हणाल्या, मासा दिला, चिखल दिला, आता आमचं रक्तही नेणार. शिवाय आकडा कळला तर त्यावर झोपायचं कसं? मीही तेच म्हणत होते, खरं सांगते. दहा वर्षं रोज दोन वेळा मी तो मासा खाल्लाय. पण काल रात्री नातीला मांडीवर घेऊन बसले होते. तिची आई तिला पाजत होती आणि मला काळजी वाटली नाही. वाटली नाही, कारण काय खायचं आणि काय नाही ते आम्हाला माहीत होतं.

तेव्हा येत्या गुरुवारी टेट्टेच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून मी येते आहे. आधी माझं रक्त घे. आकडा काय येईल तो मला तोंडावर सांग. यंत्र बिघडलं, पाऊस आला, असलं काही चालणार नाही. परत जाऊन मी बायकांना सांगेन, मग त्या येतील. आयेले तर आता मागेच लागलीय, पण तिला पहिली जायचं नाहीये.

तीन दिवस राहीन. स्वयंपाक मीच करेन. तुझ्या हातचं खाल्लं तर रक्तात काय काय सापडेल, त्याचा दोष खाडीवर नको.

आत्या